लग्नाची किल्ली कोणाच्या हाती?

(मीरा रोड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



‘धर्मगुरूची सत्ता आणि लग्नाच्या चाली’ हा आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी मजजवळ एक शंका बोलून दाखविली. शंका रास्त आहे, म्हणून आरंभी तिचाच विचार करतो. या गावात २१ जानेवारी २०२४ च्या रात्री नयानगरात काय घडले, आणि दोनच दिवसांनी तेथील दुकानांवर बुलडोझर कसे फिरले, हे तुम्हांला ठाऊक आहे. ज्या वस्तीने ते पाहिले त्या वस्तीजवळ उभे राहून एका मुस्लिम पंथाच्या अंतर्गत कारभाराविषयी बोलणे म्हणजे परक्याच्या हाती कोलीत देणे नव्हे काय, अशी ही शंका आहे. माझे म्हणणे असे की न बोलल्याने कोलीत विझत नाही. ते ज्यांना हवे ते ते कोठूनही पैदा करतात. न बोलल्याने एवढेच होते की त्या पंथात ज्या माणसाचा श्वास कोंडला आहे, त्याला आपल्या दारात यावेसे वाटत नाही. मात्र बोलावयाचे कसे, कोणत्या बाजूने आणि कोणासाठी, याचा विचार पक्का हवा. आजचे बोलणे बहुतांशी त्यासाठीच आहे.

थोडे दुरून सुरुवात करतो. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर शॉर्ट क्रीक नावाची वस्ती आहे. आज तिची हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी अशी दोन गावे झाली आहेत. मॉर्मन चर्चने १८९० साली बहुपत्नीत्व सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांना ते मानवले नाही अशांचे गट वेगळे पडले. त्यांतला एक गट पुढे येथे येऊन राहिला. येथे मुलीचे लग्न कोणाशी व्हावे हे ना मुलगी ठरवी, ना तिचे आईबाप. पंथाच्या प्रमुखास देवाचा संकेत मिळे आणि त्याप्रमाणे मुलगी ‘दिली’ जाई. एखाद्या पुरुषावर प्रमुखाची खप्पामर्जी झाली तर त्याची बायकामुले काढून दुसऱ्याच्या घरी पाठविली जात. हे सारे लोक निमूटपणे कसे सोसत, याचे उत्तर श्रद्धेत जितके आहे तितकेच सात-बाऱ्यात आहे. १९४२ साली तेथे एक विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि पंथातील लोकांची घरे व जमिनी तिच्या नावे झाल्या. विश्वस्त मंडळावर प्रमुखाचा शब्द चाले. प्रमुखाला दुखविले तर बायको जाई, मुले जात आणि डोक्यावरचे छप्परही जाई. गावचा पोलीसही त्याच पंथाचा. अनेक बायका एका पुरुषाला मिळावयाच्या तर काही पुरुषांना गावाबाहेर काढणे ओघानेच आले; कोवळ्या वयाचे शेकडो मुलगे क्षुल्लक कारणांवरून असे हाकलले गेले. साधे गणित आहे, पण धर्मग्रंथात ते लिहिलेले नसते.

या वस्तीवर ॲरिझोनाच्या गव्हर्नरने २६ जुलै १९५३ रोजी पोलिसांचा मोठा छापा घातला. पुरुषांना अटक झाली, दोनशे साठहून अधिक मुले सरकारने ताब्यात घेतली. परिणाम काय झाला? आईच्या कुशीतून ओढलेल्या मुलांची छायाचित्रे देशभर झळकली, लोकमत सरकारवर उलटले, गव्हर्नर पुढल्या वर्षी निवडणूक हरला. पंथाचा प्रमुख छळाला तोंड देणारा संत ठरला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्या गावाकडे वाकड्या नजरेने पाहण्याची कोणाची छाती झाली नाही. २००२ साली वॉरेन जेफ्स हा प्रमुख झाला. त्याच्या काळात अल्पवयीन मुलींच्या लग्नांचा कळस झाला. २००८ मध्ये टेक्सासमधील त्याच्या आश्रमावर छापा घालून चारशेहून अधिक मुले नेण्यात आली, आणि पुन्हा तेच घडले. सरसकट सर्व मुले उचलणे बेकायदा म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परत करावयास लावली. जेफ्स अखेर तुरुंगात गेला तो वेगळ्या मार्गाने. पंथ सोडून आलेल्या मुलींनी न्यायालयात उभे राहून साक्षी दिल्या, एकेका गुन्ह्याचा एकेक पुरावा उभा राहिला, आणि २०११ साली त्यास जन्मठेप झाली. त्याआधी २००५ मध्ये युटाच्या न्यायालयाने ती विश्वस्त संस्था प्रमुखाच्या हातून काढून घेतली होती. पुढे सोडून गेलेल्यांना घरे मिळू लागली. सारी वस्ती आरोपी ठरविली की प्रमुख बळकट होतो. बाहेर पडणाऱ्या एकट्या माणसाला आधार दिला की त्याची सत्ता ढिली पडते. नयानगरातला बुलडोझर आठवा, म्हणजे मी हे का सांगितले ते ध्यानात येईल.

आता घरी येऊ. धर्मगुरूच्या हाती लग्नाची किल्ली असण्याचा अनुभव आपल्या मुंबई इलाख्याला नवा नाही, आणि त्यात कोणा एका धर्माची मक्तेदारीही नाही. भाईंदरमध्ये आपले पुष्कळ गुजराती भाषिक बांधव राहतात. त्यांना करसनदास मूळजींचे नाव सांगावयास नको. वैष्णवांच्या एका पंथातील महाराजांचे भक्तांच्या लेकीसुनांशी वर्तन कसे आहे, हे ‘सत्यप्रकाश’ पत्रात १८६० साली त्यांनी लिहिले. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाटिया महाजनांनी काय केले? महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकण्याचा ठराव केला. साक्षीदारावर दडपण आणल्याबद्दल त्या पुढाऱ्यांवर वेगळा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली, तेव्हा कोठे मूळ खटला सरळ चालू शकला. १८६२ मध्ये मुंबईच्या न्यायालयात डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीस उभे राहिले, हे मराठी माणसाने अभिमानाने स्मरावे असे आहे. निकाल करसनदासांच्या बाजूने गेला. पण माझ्या दृष्टीने या प्रकरणातील खरी शिकवण त्या ठरावात आहे. धर्मगुरूचे शस्त्र कधीच शाप नसते. शापाला आता कोण भितो? शस्त्र असते ते जातीतून काढण्याचे, म्हणजे मुलाला मुलगी न मिळण्याचे.

जोतीरावांना हे नेमके कळले होते. १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हा पुरोहितावाचून लग्न हे त्यांनी चळवळीचे पहिले हत्यार केले. भटजीला दक्षिणा न देता लग्न लावणे ही त्या काळी केवळ विधीतील बचत नव्हती, ती सत्तांतराची खूण होती. म्हणून तर जुन्नर तालुक्यातील ओतूरला जोशीमंडळी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात धावली. लग्न आम्ही लावले नाही तरी आमचा पैसा द्या, अशी ती मागणी. वतनदार पुरोहिताचा हा हक्क मोडावयास मुंबई इलाख्यात १९२६ सालचा कायदा यावा लागला.

ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवून दाऊदी बोहरा पंथाकडे वळू. प्रथमच एक खुलासा. हा पंथ म्हणजे शॉर्ट क्रीक नव्हे. बोहरे व्यापारी, शिकलेले, स्वच्छ राहणीचे, स्त्रीशिक्षणात पुष्कळांच्या पुढे. सामुदायिक विवाह ‘रस्म-ए-सैफी’ या नावाने तेथे होतात आणि त्यामुळे लग्नाचा खर्च आटोक्यात राहतो. आपल्याकडे कर्ज काढून मांडव घालणाऱ्यांनी ते पाहण्यासारखे आहे. तुलना आहे ती एका मुद्द्यापुरती: सत्ता एका गुरूच्या हाती, आणि त्या सत्तेचा पहारा लग्नाच्या दारात.

फातिमी परंपरेतील एकविसावे इमाम तय्यिब हे दृष्टीआड झाले आणि त्यांच्या वतीने ‘दाई अल-मुतलक’ पंथाचा कारभार पाहतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. दाईंची गादी येमेनमधून सोळाव्या शतकात गुजरातेत आली. जगभर मिळून सुमारे दहा लाख लोकसंख्या मानली जाते. एक्कावन्नावे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन १९१५ ते १९६५ या काळात गादीवर होते. त्यांच्यानंतर सय्यदना मोहंमद बुऱ्हाणुद्दीन २०१४ पर्यंत. गावोगाव दाईंनी नेमलेला ‘आमिल’ असतो. वयात येताना प्रत्येक मुलामुलीकडून ‘मिसाक’ नावाची शपथ घेतली जाते. इमाम आणि दाई यांच्याशी एकनिष्ठ राहीन, ही ती शपथ. दरसाल तिचा पुनरुच्चार होतो. मशिदीत उभे राहणे, निकाह लावणे, प्रेत दफन करणे या साऱ्यांसाठी ‘रझा’ म्हणजे अनुज्ञा लागते. ज्याच्यावर बहिष्कार, ज्याला ‘बराअत’ म्हणतात, तो पुकारला गेला, त्याच्याशी सख्ख्या भावानेही बोलू नये, असा दंडक.

येथे थोडे थांबून विचार करा. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. प्रस्ताव, स्वीकार, मेहर, साक्षी. त्यात पुरोहिताची गरजच मुळात नाही. ज्या धर्माने लग्नातून पुरोहित काढून टाकला, त्याच धर्माच्या एका शाखेत ‘रझा’ नावाच्या एका शब्दाने तो मागल्या दाराने परत आला, आणि ओतूरच्या जोशाहून बलवान होऊन आला. जोशाला केवळ दक्षिणा हवी होती. आमिलाची रझा वधूवरांच्या, त्यांच्या आईबापांच्या निष्ठेची परीक्षा पाहते. बापाने जमातीच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारला असेल तर मुलीचा निकाह अडतो. बापाने तरी किती ताणावे? मुलगी विशीत आली की भलेभले बंडखोर माफीनामा लिहून देतात. तुरुंगाला न भिणारे आपले काही जुने कार्यकर्ते मुलांच्या लग्नाची वेळ आली तेव्हा कसे जातीत परतले, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा बोहरा बापाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या सत्तेला आव्हान पंथातूनच मिळाले, आणि ते फार जुने आहे. मुंबईतील चंदाभाईंच्या कबरीपाशी जमणाऱ्या देणग्यांच्या गल्ल्याचा हिशेब कोणाला द्यावयाचा, यावरून दाईंवर खटला झाला व १९२१ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आला. खटल्यामागे सर आदमजी पीरभॉय यांचे कुटुंब होते. बुऱ्हाणपूरला शाळेच्या प्रश्नावरून काही मंडळी बहिष्कृत झाली, ते भांडण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९४७ च्या त्या निकालात दाईंचा बहिष्काराचा अधिकार मान्य झाला, मात्र तो मनमानी पद्धतीने वापरता येणार नाही, असेही ठरले. पैसा आणि शाळा, या दोन गोष्टींवरून हे तंटे झाले हे लक्षात घ्या. तत्त्वज्ञानावरून क्वचितच कोणी बहिष्कृत होतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही जमातीने आपल्या माणसाला बहिष्कृत केल्यास तो बहिष्कार अवैध, आणि करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा सर्व धर्मांना व जातींना सारखाच लागू होता. हायकोर्टात न्यायमूर्ती छागला यांनी तो उचलून धरला. परंतु सय्यदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरला. पंथाची शिस्त राखण्यासाठी धार्मिक कारणाने केलेला बहिष्कार हा धर्माचाच भाग आहे, आणि धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क घटनेच्या सव्विसाव्या कलमाने पंथाला दिला आहे, असा बहुमताचा आशय. या युक्तिवादात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. कोणत्याही संघटनेला, आपल्या पक्षालाही, शिस्तभंग करणाऱ्याला काढावे लागते. पण पक्षातून काढलेल्याची बायको माहेरी जात नाही आणि त्याचे प्रेत अडून राहत नाही! सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध पडले. बहिष्कृताची स्थिती अस्पृश्यासारखी होते, तेव्हा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या सतराव्या कलमाच्या प्रकाशात हा कायदा पाहिला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. महाराष्ट्रातील दलित चळवळीने या मतभेदाच्या निकालपत्राकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुढला अध्याय उदयपूरचा. १९७० च्या नगरपालिका निवडणुकीत काही बोहरा तरुण पंथप्रमुखांच्या संमतीवाचून उभे राहिले आणि निवडून आले. मत कोणाला द्यावे हेही दाईंना विचारावयाचे काय, एवढाच प्रश्न होता. त्यातून गाव दुभंगले: एकीकडे ‘यूथ’, दुसरीकडे ‘शबाब’. शेकडो घरांत नवराबायको, मायलेकी दोन तटांत विभागल्या गेल्या. सुधारकांचे निकाह अडले तेव्हा त्यांनी आपले निकाह आपणच लावण्यास सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वी जोतीरावांनी जे केले तेच. मुंबईत नोमान कॉन्ट्रॅक्टर आणि असगरअली इंजिनियर यांनी ही चळवळ देशव्यापी केली.

इंजिनियरांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३९ साली राजस्थानात सलूंबर येथे आमिलाच्याच घरी जन्मलेला हा माणूस मुंबई महापालिकेत अभियंता होता. अरबी, फारसी जाणणारा; कुराणाचा आधार घेऊनच तो पुरोहितशाहीशी भांडला. त्याच्यावर अनेकदा हल्ले झाले. फेब्रुवारी २००० मध्ये सांताक्रूझच्या त्याच्या घराची व कार्यालयाची मोडतोड झाली. आणि हाच माणूस भिवंडी असो, मेरठ असो, दंगल झाली की तेथे जाऊन मुसलमानांवर काय ओढवले याचा वृत्तांत निर्भीडपणे लिहीत असे. पंथातल्या जुलमाविरुद्ध बोललो तर बाहेरचा शत्रू खूष होईल, या भीतीने तो गप्प बसला नाही. आणि बाहेरच्या शत्रूने पाठ थोपटावी म्हणून त्याने आपल्या समाजाची नालस्तीही केली नाही. आरंभी मी ज्या शंकेचा उल्लेख केला तिचे उत्तर मला या एका आयुष्यात सापडते. २०१३ च्या मे महिन्यात ते गेले.

आणीबाणी उठल्यावर, जयप्रकाशांनी स्थापन केलेल्या ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ने निवृत्त न्यायमूर्ती नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९७९ मध्ये आला. बहिष्काराच्या, निकाह व दफन अडविल्याच्या तक्रारींत तथ्य आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हावा, असा त्याचा निष्कर्ष. पंथाच्या अधिकृत नेतृत्वाने आयोगच नाकारला. केंद्रात तेव्हा आपल्या विचाराची माणसे मंत्री होती. कायदा झाला नाही. कोणत्या पक्षाने केला असता? बोहरा मतदार संख्येने थोडा, पण दाईंचा शब्द म्हणजे एकगठ्ठा मते व मोठी देणगी, असा सर्वच पक्षांचा समज. त्यामुळे सय्यदनांच्या दर्शनाला उजवे-डावे सगळेच जात आले. सुधारकांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा. त्या अर्जावर घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी आदेश दिला, आणि तोही काय? तर प्रश्न गंभीर आहे, म्हणून शबरीमला प्रकरणातील नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे तो पाठवावा! सदतीस वर्षे. अर्ज केला तेव्हा जन्मलेल्या मुलीचीही मुले एव्हाना शाळेत गेली असतील. योगायोग असा की त्याच दिवशी मुंबईत मरोळला पंतप्रधानांच्या हस्ते सय्यदनांच्या विद्यापीठाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन होत होते. मुसलमान स्त्रियांच्या मुक्तीची भाषा त्या काळात जोरात होती. बोहरा सुधारकांचे नाव त्या भाषणात निघाले असेल असे तुम्हांला वाटते काय?

गादीच्या वारशाचा तंटा २०१४ पासून हायकोर्टात चालला होता. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी निकाल देऊन दावा फेटाळला. सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांची गादी कायम राहिली. वर्तमानपत्रांनी या तंट्याला रकाने दिले. कोण दाई, यावर दहा वर्षे खल झाला. रझा का लागते, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच.

आता जरा आपल्या अंगणात. वर जे सांगितले ते ऐकताना ज्यांच्या मनात ‘पाहा, त्यांच्यात कसे असते’ असा विचार चमकून गेला असेल, त्यांच्यासाठी हा भाग. महाराष्ट्रातील जातपंचायतींनी लग्नाच्या बाबतीत जे केले आहे त्यापुढे रझा सौम्य वाटावी. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवर वधूची ‘परीक्षा’ घेतली जाई आणि सकाळी पंचांपुढे तिचा निकाल सांगितला जाई. २०१७-१८ मध्ये त्याच समाजातील तरुण-तरुणींनी याविरुद्ध आवाज उठविला, तर पिंपरीला त्यांतल्या मुलांना मारहाण झाली. नाशिकला २०१३ मध्ये दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा बापानेच जीव घेतला, आणि त्यामागे जातपंचायतीचा धाक असल्याचे उघडकीस आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यातून जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम उभी केली; ऑगस्ट २०१३ मध्ये नाशिकला आणि लातूरला परिषदा झाल्या आणि त्याच महिन्याच्या वीस तारखेला पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. रायगडच्या गावकीपासून भटक्यांच्या पंचायतीपर्यंत अनेक प्रकरणे बाहेर आली, काही पंचायती स्वतःहून बरखास्त झाल्या. अखेर २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो अंमलात आला.

हा कायदा कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे. लग्न अडविणे, अंत्यविधी अडविणे, संबंध तोडावयास लावणे, प्रार्थनास्थळात वा जमातीच्या सभागृहात येऊ न देणे, हे सारे त्यात गुन्हे आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि दंडातून पीडिताला भरपाई. जातपंचायतीसाठी केलेला म्हणून तो ओळखला जातो, पण त्याची भाषा कोणा एका जातीची वा धर्माची नाही. १९४९ चा जुना कायदा त्यानेच रद्द केला. नथवानी आयोगाने सदतीस वर्षांपूर्वी जे मागितले होते ते महाराष्ट्रात अशा आडवाटेने आले. बोहरा सुधारकांचा लढा आणि कंजारभाट तरुणांचा लढा एकाच कलमाखाली येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण या दोन गटांना एका सतरंजीवर बसविण्याचे काम अजून कोणी केलेले नाही.

त्याच राज्याचे सरकार दुसऱ्या हाताने काय करते तेही पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्न केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’ रोखण्याचा कायदा सुचविण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली. पंचाने, आमिलाने लग्नाची किल्ली हाती धरली तर तो गुन्हा, आणि सरकारने धरली तर ते संरक्षण? सज्ञान स्त्रीने कोणाशी लग्न करावे हे गृहखात्याला विचारून ठरावयाचे असेल, तर तीही रझाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खाप पंचायतींच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कोणत्याही जमावाला ढवळाढवळ करता येणार नाही; अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवास आणि जिल्हावार विशेष कक्ष हवेत. राज्याच्या गृहखात्याने त्याचे परिपत्रक २०२४ च्या अखेरीस काढले. मीरा-भाईंदर व वसई-विरारसाठी २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तेथे हा कक्ष कोठे बसतो, त्याचा दूरध्वनी कोण उचलतो, हे आपल्या शाखेने येत्या आठवड्यात जाऊन पाहावे. मोर्चाची जरुरी नाही, दोघे जण पुरेत.

लग्नाचा सरकारी मार्ग म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. तो अपुरा आहे. तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते, आणि ज्यांच्यापासून जोडपे पळत असते त्यांनाच ती आधी वाचावयास मिळते. ही अट जावी, अशी मागणी आपण करीत राहिलो पाहिजे. पण या कायद्यात एक गोष्ट अशी आहे की जी फार थोड्यांना ठाऊक असते. दोन मुसलमान व्यक्तींनी त्याखाली लग्न केले, तर त्यांच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि मुलींना पूर्ण हिस्सा मिळतो. केरळातील एक मुसलमान वकील व त्यांच्या पत्नी यांनी मुलींच्या हक्कासाठी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, ८ मार्च २०२३ रोजी, याच कायद्याखाली पुन्हा विवाहनोंदणी केली. निकाह मोडावा लागला नाही, धर्म सोडावा लागला नाही. ज्या बापाची मुलगी रझेसाठी अडली आहे, त्याला ही वाट कोणी समजावून सांगितली तर त्याचा माफीनामा कदाचित टळेल.

सभेच्या आधी एका भगिनीने विचारले: लग्नाचे ठीक, पण मेल्यावर काय? प्रश्न वरवर विनोदी वाटला तरी तो फार खोल आहे. बहिष्कृताला सर्वांत मोठी भीती हीच असते. आयुष्यभर लढलेली माणसे म्हातारपणी कबरस्तानाच्या आठवणीने वाकतात. हमीद दलवाईंनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. आपले दफन न करता दहन करावे असे त्यांनी सांगून ठेवले आणि १९७७ मध्ये तसेच झाले. प्रत्येकाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि श्रद्धावान माणसाने आपला विधी तरी का सोडावा? कायद्याने मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा पुरविणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. कोणत्याही जमातीच्या ताब्यात नसलेली, कोणाच्या चिठ्ठीवाचून दफन करता येईल अशी जागा या शहरात असावी, हा ठराव आपल्या शाखेने महापालिकेकडे द्यावा. उत्तनच्या किनाऱ्यापासून मीरा रोडच्या स्टेशनापर्यंत अर्धा डझन धर्मपंथ येथे नांदतात; सह्या प्रत्येकातून मिळतील. बहिष्काराचा अनुभव असलेल्या घरांतून पहिल्या मिळतील, पण ती माणसे सही करताना नाव छापू नका म्हणतील, आणि त्यांचे ते म्हणणे आपण पाळले पाहिजे.